शाकाहारी घरातलं बाळ : प्रथिनांची धास्ती सोडा, लोह आणि बी-१२ कडे बघा

माजघर

अंडी नाहीत, मासे नाहीत, मग मुलाला प्रोटीन कुठून मिळणार, हे शाकाहारी घरातल्या आईबापांना कुणी ना कुणी ऐकवतंच. त्या धास्तीने पावडरचे डबे घरात येतात. म्हणून आधी हिशोब मांडते.

आयसीएमआर-एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) २०२० च्या शिफारशींप्रमाणे १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १२.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, ४ ते ६ वर्षांच्या मुलाला १६ ग्रॅम. दीड वर्षाच्या मुलाने दिवसभरात ३० ग्रॅम डाळ-कडधान्य (कोरडं वजन), ८० ग्रॅम धान्य आणि ३०० मिली दूध-दही घेतलं, तर डाळीतून ७, धान्यातून ७ आणि दुधातून ९ ग्रॅम होतात. पचनातली घट धरली तरी पुरून उरतं. अट एकच, डाळ खरोखर पोटात गेली पाहिजे. वरणाची निवळ म्हणजे मीठ-हळदीचं पाणी. डाळ तळाशी बसते आणि ती मोठ्यांच्या ताटात जाते.

खरी ओढाताण लोहाची. पोटातून आणलेला साठा सहाव्या महिन्याच्या सुमाराला संपत येतो आणि आईच्या दुधात लोह अगदी थोडं. १ ते ३ वर्षांना रोज ८ मिग्रॅ हवं. आता नेहमीचं ताट बघा : मऊ भात, वरणाची निवळ, दुधात भिजवलेलं बिस्कीट, केळं आणि पाऊण लिटर दूध. यातून दीड-दोन मिग्रॅच्या पुढे मजल जात नाही. त्याऐवजी २० ग्रॅम नाचणी, २५ ग्रॅम बाजरी, ३० ग्रॅम मसूर किंवा मटकी, २० ग्रॅम गहू, १० ग्रॅम राजगिरा आणि ५ ग्रॅम तीळ असं दिवसभरात वाटून दिलं तर बेरीज ७ च्या आसपास जाते. म्हणजे नीट आखलेलं ताटसुद्धा जेमतेम काठावर येतं. थेंब आणि सिरप का लागतात याचं उत्तर यातच आहे.

बीट आणि गुळावर भिस्त ठेवू नका. १०० ग्रॅम बिटात १ मिग्रॅही लोह नसतं, त्याचा लाल रंग वेगळ्याच द्रव्याचा. एक चमचा गुळातून पाव मिग्रॅसुद्धा मिळत नाही.

आठ-नऊ महिन्यांच्या बाळासाठी खिचडीचं प्रमाण देते. २ मोठे चमचे तांदूळ (३० ग्रॅम), १ मोठा चमचा मूगडाळ किंवा मसूरडाळ (१५ ग्रॅम), धुऊन अर्धा तास भिजवा. दीड वाटी पाणी, चिमूट हळद, दोन-तीन फोडी लाल भोपळा, कुकरला ५-६ शिट्ट्या. पळीने घोटा, मिक्सर लावू नका, नाहीतर बाळ चावायला शिकायचं लांबतं. वरून १ छोटा चमचा तूप. मीठ वर्षापर्यंत नको. घट्टपणा असा हवा की चमचा तिरका केला तर खिचडी चमच्यावर टिकून राहील. ओघळत असेल तर पोट पाण्याने भरतंय. बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे ८ किलोच्या बाळाला २४० मिली. तेवढ्यात पातळ पेज भरली की बाळ पोट भरून उपाशी राहतं. ६ ते ८ महिन्यांत दिवसातून २-३ वेळा खाणं, पुढे ३-४ वेळा आणि मध्ये एखादा खाऊ.

धागा सहा महिने ते पाच वर्षं एवढ्या वयापुरता ठेवूया. बी-१२, तपासण्या आणि व्हीगन (दूध-तूपही न घेणाऱ्या) मुलांबद्दल जाणकारांनी भर घालावी.

---

कोयनाकाठ

बी-१२ चं लिहितो. इथे सुरुवात बाळाच्या ताटापासून नाही, आईपासून करायला हवी.

वनस्पतीत बी-१२ नसतं. शाकाहारी घरात ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच येतं. आई पिढीजात शाकाहारी, दूध आवडत नाही, चहापुरतं घेते, अशी स्थिती असेल तर तिचा साठा गरोदरपणाआधीच रिकामा असतो. बाळ जन्मतः कमी साठा घेऊन येतं आणि अंगावरच्या दुधातूनही त्याला कमीच मिळतं. सहा महिने बाळ गुटगुटीत दिसतं आणि मग गाडी उलटी फिरते.

ही लक्षणं प्रत्येक आजी-आजोबांनाही माहीत असावीत. हसणारं बाळ हसेनासं होतं, नजर देत नाही. मान धरली होती ती सुटते, बसत होतं ते बसेनासं होतं. बोटांच्या पेरांवरची आणि सांध्यांवरची कातडी काळवंडते, केस विरळ आणि भुरे होतात, चेहरा फिका पडतो. काही बाळांना हातापायांचा, जिभेचा कंप सुरू होतो. भारतात याला इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम म्हणतात. बहुतेक बाळं ६ महिने ते २ वर्षं वयाची, फक्त अंगावर पिणारी आणि वरचं खाणं लांबलेली असतात. पेरं काळी पडणं आणि शिकलेलं विसरणं ही दोन लक्षणं एकत्र दिसली तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे न्या. घरी बी-१२ चे थेंब आणून वाट बघत बसू नका. उपचाराला उशीर झाला तर मेंदूच्या वाढीतली कसर पूर्ण भरून निघेलच असं नाही.

म्हणून गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीतच आईने बी-१२ बघून घ्यावं. नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीने भागत नाही. उलट फॉलिक अ‍ॅसिडमुळे रक्ताचं चित्र सुधारलेलं दिसतं आणि मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं.

इडलीच्या आंबवणात, स्पिरुलिनात, मोडांत बी-१२ मिळतं हा समज सोडून द्या. स्पिरुलिनात असतं ते बी-१२ सारखं दिसणारं, शरीराला न चालणारं रूप.

---

रानजाई

कोयनाकाठ, बी-१२ साठी दूध हवं आणि माजघर ताई म्हणतात पाऊण लिटर दूध नको. वाचणाऱ्यांचा गोंधळ होईल. आकडा द्याल का?

---

कोयनाकाठ

वर्षानंतर दिवसाला ३०० ते ४०० मिली, ५०० च्या वर नाही. ताज्या दुधात १०० मिलीमागे ०.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ असतं आणि या वयाची गरज १.२ मायक्रोग्रॅम. ४०० मिलीत ती उकळल्यानंतरची घट धरूनही साधारण भागते. पण दूध सकाळी, दुपारी, रात्री तीनदा खळखळ उकळलं तर घट वाढते. पिशवीचं पाश्चराइज्ड दूध एकदा उकळी आली की गार करून फ्रिजमध्ये ठेवा, नंतर लागेल तेवढंच कोमट करा. दुधात पाणी घालू नका. निम्मं पाणी म्हणजे निम्मं सगळंच.

५०० मिलीच्या वर गेलं की दोन गोष्टी बिघडतात. पोट दुधाने भरतं आणि दुधात लोह जवळपास नसतंच. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन जेवणातल्या लोहाच्या शोषणात आड येतात. रात्रभर बाटली तोंडात ठेवणारी दीड-दोन वर्षांची मुलं गोरीपान, वजनदार आणि रक्ताने कमी असतात ती यामुळेच. गोऱ्या रंगाचं कौतुक करण्याआधी पापणीच्या आतला रंग बघा. दूध जेवणाला जोडून न देता दोन जेवणांच्या मध्ये, कपाने द्या.

वर्षाच्या आत गाईचं किंवा म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून नको. खिचडीवर दही, लापशीत थोडं दूध चालतं.

---

उखळ

नाचणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण नाचणीसत्त्वाच्या नावाखाली जे बनतं त्यातून नाचणीचं मोलाचं तेवढंच निघून जातं.

जुनी पद्धत अशी : नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, खाली बसलेला पांढरा साका वाळवायचा. तो साका म्हणजे बहुतांश पिष्ट. नाचणीत १०० ग्रॅममागे ३५० मिग्रॅच्या आसपास कॅल्शियम असतं खरं, पण त्याचा मोठा वाटा दाण्याच्या सालीत असतो आणि तो फडक्यात राहतो. सहाव्या-सातव्या महिन्यात पचायला हलकं म्हणून महिनाभर गाळीव द्यायचं तर द्या, पुढे मात्र गाळणं बंद करा.

मोडाच्या पिठाची कृती : अर्धा किलो नाचणी निवडून चार-पाच पाण्यांतून धुवा. बारीक वाळू तळाशी बसते, म्हणून वरचेवर ओंजळीने उचलून दुसऱ्या भांड्यात घ्या. १० ते १२ तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. निथळून सुती कापडात सैल बांधा, २४ ते ३६ तासांत मोड येतात. दाण्याएवढा मोड पुरे. उन्हाळ्यात दर सहा तासांनी पाण्याचा हबका मारा. पावसाळ्यात पुरचुंडी घट्ट बांधली तर आत बुरशी धरते. आंबूस वास आला, दाणे बुळबुळीत लागले किंवा पांढरी तार दिसली तर सगळं टाकून द्या, धुऊन वापरू नका. सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळवा. दाताखाली कट्कन तुटला पाहिजे. अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता, तांबूस होऊ देऊ नका. दळून हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये, महिनाभर.

मोड आणण्याचे दोन फायदे. फायटेट (लोह-जस्ताला जखडून ठेवणारं द्रव्य) कमी होतं म्हणून लोह आणि जस्त जास्त सुटतं. दुसरा फायदा फारसा कुणी वापरत नाही : मोडात अमायलेज तयार होतं आणि ते पिष्ट तोडतं. नेहमीच्या पिठाची घट्ट लापशी शिजवा, गॅस बंद करा, वाफा कमी झाल्या की १ छोटा चमचा मोडाचं पीठ घालून ढवळा. दोन-तीन मिनिटांत घट्ट गोळा सैल होतो. मग एक उकळी काढा. पीठ दुप्पट घातलेली लापशीसुद्धा बाळाला गिळता येते. हे पीठ आधी जोरात भाजलं तर अमायलेज मरतं आणि काहीच सैल होत नाही. कृती फसण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

एक धोक्याची सूचना. ज्वारीला मोड आणून पीठ करू नका. ज्वारीच्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. नाचणी, गहू, मूग, मटकी ठीक. कडधान्यांचे मोडही पाच वर्षांखालच्या मुलांना कच्चे देऊ नयेत, दमट कापडात जंतूही वाढतात.

---

गोधडी

उखळ, फार उपयोगी माहिती. लिंबाबद्दल थोडं.

सगळे अर्धं लिंबू पिळायला सांगतात. त्यातून जेमतेम ५ मिग्रॅ क जीवनसत्त्व मिळतं आणि उकळत्या वरणात पिळलं तर त्यातलंही कमी होतं. पेरूच्या दोन लहान फोडींत (३० ग्रॅम) ६० मिग्रॅच्या आसपास असतं. बिया काढून, किसून किंवा मऊ शिजवून जेवणासोबतच द्यायचा, तासाभराने नाही. आवळ्याचा कीस, संत्र्याचा गर, बारीक चिरलेली कोथिंबीरही चालते. आणि चहा! 'दोन घोट चहाने काय होतंय' म्हणून बशीतून पाजला जाणारा चहा लोहाला पक्का अडसर आहे. जेवणाच्या आधी-नंतर तर नकोच, पाच वर्षांखाली अजिबातच नको.

लोखंडी कढईत टोमॅटो, चिंच, कोकम घातलेली भाजी शिजवली की लोह उतरतं, किती ते कढईवर आणि वेळेवर अवलंबून. शिजली की लगेच काढून घ्या. जोड म्हणून चांगलं आहे, त्याच्या भरवशावर थेंब बंद करू नका.

---

लीड्सकर

व्हीगन मुलांचं लिहितो. इकडे ब्रिटनमध्ये आणि पुण्या-मुंबईतही आता दूध-तूप सोडलेली तरुण जोडपी आहेत आणि त्यांना घरून फक्त विरोध मिळतो, माहिती मिळत नाही.

अमेरिकेच्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये नीट आखलेला व्हीगन आहार बाळपणासह सर्व वयांना चालतो अशी भूमिका घेतली होती. त्यांची २०२५ ची भूमिका मात्र प्रौढांपुरतीच आहे. म्हणजे 'नीट आखलेला' या शब्दांवर सगळा भार आहे.

पहिलं वर्ष : आईचं दूध किंवा ते शक्य नसेल तर सोया इन्फंट फॉर्म्युला, बालरोगतज्ज्ञाला विचारून. बदामाचं, ओटचं, नारळाचं, तांदळाचं दूध हे आईच्या दुधाच्या जागी कधीच नाही. त्याने बाळं कुपोषित होऊन रुग्णालयात गेली आहेत. तांदळाचं दूध आर्सेनिकमुळे इथे पाच वर्षांखाली देऊच नका असं सांगतात.

वर्षानंतर : बिनसाखरेचं, फोर्टिफाइड (वरून पोषकद्रव्यं घातलेलं) सोया दूध. पाकिटावर १०० मिलीमागे कॅल्शियम १२० मिग्रॅ आणि बी-१२ लिहिलेलं हवं. घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं, प्रत्येक वेळी खोका जोरात हलवा. 'ऑरगॅनिक' लिहिलेल्या पुष्कळ पाकिटांत वरून काहीच घातलेलं नसतं. घरी केलेल्या सोयाच्या किंवा शेंगदाण्याच्या दुधात प्रथिनं मिळतील, कॅल्शियम आणि बी-१२ नाही.

बी-१२ थेंबांनीच, रोज, चुकवायचं नाही. सहा महिने ते तीन वर्षं ५ मायक्रोग्रॅम, पुढे दहा वर्षांपर्यंत २५ मायक्रोग्रॅम आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ५० मायक्रोग्रॅम अशी प्रमाणं आहारतज्ज्ञ देतात. हे प्रमाण साठा ठीक असलेल्यांसाठी. कमतरता आधीच असेल तर डोस वेगळा आणि तो डॉक्टरच ठरवतील.

आयोडीन हा परदेशातला छुपा खड्डा आहे. भारतात घरचं मीठ आयोडीनयुक्त असतं. ब्रिटनमध्ये बहुतेक मीठ तसं नसतं, लोकांना आयोडीन गाईच्या दुधातून मिळतं. ते सोडलं की थेंबांतून द्यावं लागतं. समुद्री शेवाळ हा उपाय नाही, त्यात कधी कधी मुलाला झेपणार नाही इतकं आयोडीन असतं.

शेवटचं : चोथा. सगळंच सालीसकट, कोंड्यासकट दिलं की पोट फुगतं आणि उष्मांक कमी पडतात. तीन वर्षांखाली निम्म्या डाळी सोललेल्या ठेवा, प्रत्येक जेवणात १-२ छोटे चमचे तेल किंवा शेंगदाण्याचं, तिळाचं, काजूचं वाटण घाला. एका छोट्या चमचाभर तेलात साधारण ४५ उष्मांक येतात. रोज अर्धा चमचा भाजून कुटलेला जवस ओमेगा-३ साठी.

---

रानजाई

आयोडीनवरून आठवलं. भारतातही सैंधव 'नैसर्गिक' म्हणून रोजच्या स्वयंपाकात आलंय. सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. उपासापुरतं ठेवा.

लोहाचे थेंब देऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, असं बऱ्याच जणींचं असतं. कारणं कोणी लिहील का?

---

कोयनाकाठ

आधी प्रतिबंध आणि उपचार वेगळे करू. अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप मिळतं, त्यात २० मिग्रॅ लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. आशाताईंकडून मोफत मिळतं, नक्की घ्या. हा प्रतिबंध झाला. हिमोग्लोबिन ११ च्या खाली (६ ते २३ महिन्यांसाठी डब्ल्यूएचओने २०२४ मध्ये ही रेषा १०.५ वर आणली) असेल तर उपचाराचा डोस लागतो, साधारण किलोमागे रोज ३ मिग्रॅ. ९ किलोच्या बाळाला २७ मिग्रॅ. हा आकडा 'इलेमेंटल आयर्न'चा, म्हणजे निव्वळ लोहाचा. बाटलीवर क्षाराचं वजनही मोठ्या अक्षरात असतं, त्यावरून मोजलं तर डोस फारच कमी पडतो. शिवाय थेंब आणि सिरप यांची तीव्रता वेगळी असते, म्हणून कंपनी बदलली की मिली पुन्हा मोजून घ्या.

दुसरं कारण, दुधात मिसळून देणं. दोन खाण्यांच्या मध्ये, पाण्यातून किंवा संत्र्याच्या रसातून द्या. ड्रॉपर जिभेच्या मागच्या बाजूला, नंतर दोन घोट पाणी, म्हणजे दात काळे होत नाहीत. शी काळी होते, घाबरायचं नाही.

तिसरं, लवकर थांबवणं. महिन्याभरात हिमोग्लोबिन १ ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं म्हणून बाटली ठेवून दिली तर साठा रिकामाच राहतो. आकडा जागेवर आल्यावर आणखी दोन-तीन महिने चालू ठेवावं लागतं.

चौथं, रोगच वेगळा असणं. थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक दोषातही लालपेशी लहान दिसतात आणि लोहाने त्या मोठ्या होत नाहीत. रिपोर्टमधल्या एमसीव्हीला (लालपेशींचा सरासरी आकार) लालपेशींच्या संख्येने (दशलक्षांत) भागून १३ च्या खाली उत्तर आलं तर एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ची तपासणी सुचवतात. सिंधी, लोहाणा, कच्छी घरांत हे आवर्जून बघावं.

पाचवं शाकाहारी मुलांत हमखास निसटतं. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, बी-१२ कमी असेल तर मोठ्या. दोन्ही कमी असेल तर सरासरी एमसीव्ही नॉर्मल छापून येते आणि रिपोर्ट बघून सगळे निर्धास्त होतात. आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) वाढलेली असेल तर फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि बी-१२ दोन्ही मागून घ्या. फेरिटिन तापात करू नका, ते तेव्हा खोटं वाढतं.

आणि बाटली कुलपात. लोहाचं गोड सिरप मुलाने एकदम पिऊन टाकलं तर जिवावर बेततं.

---

गोधडी

एक राहिलं. शेंगदाणे, बदाम, फुटाणे अख्खे पाच वर्षांखाली कुणालाच नकोत, श्वासनलिकेत अडकतात. पण म्हणून दाणेच बंद, असंही नको. सहा-सात महिन्यांपासून बारीक कूट लापशीत मिसळून सुरू केलं तर शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचा धोका कमी होतो, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लीप अभ्यासात दिसलं. पहिल्यांदा पाव चमचा, सकाळच्या वेळी, घरी, आणि त्या दिवशी दुसरं काही नवीन द्यायचं नाही. अंगावर तीव्र इसब असलेल्या बाळाला मात्र आधी डॉक्टरांना विचारून.

---

माजघर

गोधडी, कुटात दाण्यांची लाल सालं आणि जाड कणी राहता कामा नये, चाळून घ्यावं. आणि ते कूट दूध-साखरेत न घालता नाचणीच्या लापशीत घाला. २ मोठे चमचे मोडाचं पीठ, १ वाटी गार पाण्यात आधी कालवून (गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या), मंद आचेवर ६-७ मिनिटं, वर १ छोटा चमचा कूट आणि अर्धा चमचा तूप. वर्षाच्या आत मध नाही, साखर-गूळ दोन वर्षांपर्यंत टाळता येईल तेवढं टाळा. गोडीला मऊ शिजवलेलं सफरचंद किंवा पिकलेलं केळं पुरतं.